लिमिटमध्ये किंमत टाकायची की नाही? दर वर्षी अडणाऱ्या गणितांचं समस्या निवारण

अकरावीला लिमिटचं प्रकरण सुरू झालं की चार-आठ दिवसांत हा प्रश्न हमखास येतो: “सर, पहिल्या गणितात किंमत टाकली तर बरोबर आलं, दुसऱ्यात तशीच टाकली तर चूक. कामून?” लातूर-नांदेडच्या क्लासमधली पोरं विचारतात, तशीच परभणी-हिंगोलीकडच्या तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजातली लेकरंही विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर एका वाक्याचं आहे: त्या बिंदूपाशी फंक्शन कंटिन्युअस, म्हणजे तिथं न तुटणारं, असेल तर किंमत टाकायची, नसेल किंवा खात्री नसेल तर आधी दुसरं काम करायचं. अडचण अशी, की हे वाक्य पाठ असूनही पेपरात हात चुकतो. म्हणून ते इथं उलगडून लिहितोय. तुमच्या वहीत जिथं एक्स असतो तिथं मी क्ष लिहिलाय, आणि क्ष→२ म्हणजे क्ष हा २ च्या जवळ जवळ जाताना.

वहीत ही अडचण कशी दिसते

काही जण सगळीकडे किंमत टाकतात. (क्ष² − ४)/(क्ष − २) मध्ये क्ष = २ टाकून ०/० आणतात आणि पुढं कुणी ० लिहितं, कुणी १, कुणी “लिमिट अस्तित्वात नाही”. खरं उत्तर ४ आहे. काही जण अगदी उलटे: ०/० ची इतकी धास्ती घेतात, की क्ष→३ असताना क्ष² + २क्ष सारख्या साध्या गणितातही अवयव पाडत बसतात. तिथं ३ टाकलं की ९ + ६ = १५, काम संपलं. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. असला उगाचचा वळसा तिथं महाग पडतो.

तिसरी तऱ्हा जास्त धोक्याची, कारण तिच्यात ०/० येतच नाही. किंमत टाकली की छान आकडा मिळतो, आणि तो चुकीचा असतो. तिच्याकडे आपण सविस्तर येऊ.

मूळ कुठं आहे

लिमिट विचारते ती शेजारची गोष्ट: क्ष हा २ च्या जवळ जवळ येत असताना, पण २ नसताना, फंक्शनची किंमत कशाच्या जवळ जाते? खुद्द २ वर काय आहे, याच्याशी लिमिटला काही देणंघेणं नाही. तिथं फंक्शन नसेल तरी चालतं.

किंमत टाकणं म्हणजे खुद्द त्या बिंदूवर जाऊन बघणं. म्हणजे विचारलं शेजारचं आणि आपण सांगितलं घरातलं. ही दोन उत्तरं एकच निघतील याची हमी कोण देतं? कंटिन्युइटी. तिची व्याख्याच ती आहे: फ(क्ष) हे अ पाशी कंटिन्युअस आहे म्हणजे फ(अ) अस्तित्वात आहे, अ पाशी लिमिट अस्तित्वात आहे, आणि दोन्ही सारख्या आहेत.

पुस्तकात आधी लिमिटचं प्रकरण येतं आणि त्याला लागून कंटिन्युइटीचं. व्याख्येसाठी हा क्रम बरोबर आहे, पण शिकणाऱ्याच्या डोक्यात त्यामुळे एक फट राहते. लिमिटच्या पहिल्याच स्वाध्यायात आपण किंमत टाकायला लागतो, आणि ती का टाकता येते हे पुढच्या प्रकरणात कळतं. तोवर “टाकून बघा, ०/० आलं तर अवयव पाडा” ही सवय पक्की झालेली असते. माझं मत विचाराल तर लिमिट शिकवताना पहिल्याच तासाला कंटिन्युअस फंक्शनांची ओळख करून द्यावी, व्याख्या मागून आली तरी चालेल.

हे अवघड वाटतं म्हणून कुणी नाउमेद होऊ नये. न्यूटन आणि लायब्निट्स यांनी कॅल्क्युलस उभं केलं सतराव्या शतकात. फंक्शन कंटिन्युअस आहे म्हणजे नेमकं काय, हे बोल्झानो यांनी १८१७ मध्ये आणि कोशी यांनी १८२१ मध्ये काटेकोर लिहिलं. मोठमोठ्या गणितज्ञांना ज्याला शंभरावर वर्षं लागली, ते तुम्हाला एका आठवड्यात पचलं नाही तर त्यात तुमची हुशारी कमी आहे असं काही नाही.

किंमत बिनधास्त कुठं टाकायची

बहुपदी असेल तर कुठेही. साइन, कोसाइन, ई चा क्षवा घात, |क्ष| (मॉड), हेही सगळीकडे कंटिन्युअस. भागाकाराच्या रूपातलं फंक्शन असेल तर छेद शून्य होत नाही तिथं. टॅन असेल तर पाय/२ च्या विषम पटी सोडून. लॉग असेल तर आतली संख्या धन हवी. वर्गमूळ असेल तर आतली संख्या धन असताना काहीच प्रश्न नाही. ती शून्य होत असेल तर थांबून बघा, कारण √(क्ष − २) ला २ च्या डावीकडे वास्तव किंमतच नाही आणि तिथं फक्त उजवीकडच्या लिमिटबद्दल बोलता येतं. या फंक्शनांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, छेद शून्य नसेल तर भागाकार, आणि एकात एक घातलेली फंक्शनं, हेही कंटिन्युअस राहतात.

एवढी यादी डोक्यात असली की क्ष→१ साठी (क्ष² + १)/(क्ष + १) बघताक्षणी उत्तर लिहिता येतं: छेद १ वर २ आहे, शून्य नाही, म्हणून २/२ = १.

याच गणितावर एक सूचना. बारावीला गेलेली काही पोरं दिसेल तिथं लोपितालचा नियम लावतात, म्हणजे वरचं आणि खालचं वेगवेगळं डेरिव्हेटिव्ह घेतात. इथं तसं केलं तर २क्ष/१, आणि क्ष = १ टाकून २ येतं. चूक! तो नियम ०/० किंवा अनंत/अनंत या रूपांसाठी आहे. नियम १६९६ सालच्या पुस्तकातून छापून आलेला, जुना आणि भरवशाचा आहे, पण अटीसकट. आधी किंमत टाकून बघायची ती यासाठीही, की पुढची कोणती पद्धत चालेल ते कळावं.

०/० आलं तर

०/० हे उत्तर नसतं. त्याचा अर्थ एवढाच, की या बिंदूवर हे फंक्शन या रूपात किंमत टाकायची परवानगी देत नाही. आता आपल्याला असं दुसरं फंक्शन शोधायचं, जे त्या बिंदूच्या आजूबाजूला अगदी पहिल्यासारखंच आहे आणि त्या बिंदूपाशी कंटिन्युअसही आहे. अवयव पाडणं, परिमेयीकरण करणं, त्रिकोणमितीची सूत्रं वापरणं, या सगळ्यांचा हेतू हाच असतो.

(क्ष² − ४)/(क्ष − २) घ्या. अवयव पाडले की (क्ष − २)(क्ष + २)/(क्ष − २). आता क्ष − २ उडवायचा, पण उडवण्याआधी बोर्डाच्या उत्तरात एक ओळ लिहायची असते: क्ष→२, म्हणून क्ष ≠ २, म्हणून क्ष − २ ≠ ०. बरेच जण ती गिरवल्यासारखी लिहितात. खरं तर सगळं गणित त्या ओळीत आहे. शून्याने भागायला मनाई आहे. पण लिमिट २ कडे बघतच नाही, म्हणून आपण शून्याने भागत नाही आहोत.

उडवल्यावर क्ष + २ उरतं. हे पहिलंच फंक्शन नाही, हे नीट ध्यानात घ्या. पहिलं २ वर अस्तित्वातच नव्हतं. क्ष + २ ला तिथं ४ ही किंमत आहे. २ सोडून बाकी सगळीकडे दोघं एकसारखी. म्हणून दोघांची २ पाशी लिमिट एकच. आणि क्ष + २ बहुपदी आहे, कंटिन्युअस आहे, म्हणून आता २ टाकायचा हक्क मिळाला. उत्तर ४.

वर्गमूळ असलेल्या गणितातही हेच घडतं. क्ष→० साठी (√(४ + क्ष) − २)/क्ष. वर-खाली √(४ + क्ष) + २ ने गुणलं की अंशात क्ष उरतो, तो छेदातल्या क्षशी उडतो आणि १/(√(४ + क्ष) + २) मिळतं. याचा छेद ० पाशी ४ आहे. म्हणून १/४. हेच गणित कंटिन्युइटीच्या प्रकरणात उलटं करून येतं: “फ(क्ष) हे ० पाशी कंटिन्युअस आहे, तर फ(०) काढा.” तिथं फ(०) म्हणजे हीच लिमिट, १/४. नवीन काही शिकायचं नाही.

किंमत टाकल्यावर ५/० सारखं काही आलं, म्हणजे अंश शून्य नाही आणि छेद शून्य आहे, तर अवयव पाडत वेळ घालवू नका. तिथं सांत लिमिट मिळणार नाही. डावीकडून आणि उजवीकडून चिन्ह काय येतं तेवढं बघा.

लिखाणातली एक बारीक चूकही इथंच सांगतो, कारण बोर्डात तिचे गुण जातात. किंमत टाकेपर्यंत प्रत्येक ओळीत लिमिट हा शब्द हवा. किंमत टाकलेल्या ओळीपासून पुढं तो नको. “लिमिट (क्ष→२) ४” असं लिहिलं तर चूक नाही पण अर्धवट समज दिसते, आणि मधेच लिमिट गाळून “(क्ष² − ४)/(क्ष − २) = ४” लिहिलं तर ते विधानच खोटं आहे.

आकडा येतो, पण चुकीचा येतो

आता ती तिसरी तऱ्हा. पूर्णांक फंक्शन [क्ष], म्हणजे क्षपेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक. क्ष→२ असताना [क्ष] ची लिमिट काय? २ टाकलं की [२] = २. पण १.९ ला १, १.९९ ला १, १.९९९ लाही १. डावीकडून १, उजवीकडून २. लिमिट अस्तित्वात नाही.

रोजच्या व्यवहारात हे एसटीच्या तिकिटात दिसतं. भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यानं लागतं. प्रवास १२ किलोमीटरचा असेल तर दोन टप्पे. त्याहून थोडाही जास्त झाला की तिसऱ्या टप्प्याचं भाडं. १२ वर भाडं ठरलेलं आहे, कंडक्टर ते सांगेल. पण १२ च्या डावीकडून दोन टप्प्यांचं आणि उजवीकडून तीन टप्प्यांचं, म्हणून १२ पाशी लिमिट नाही. १० किलोमीटरपाशी मात्र आजूबाजूला सगळीकडे दोनच टप्पे आहेत. तिथं भाडं कंटिन्युअस आहे आणि किंमत खुशाल टाकता येते. तसंच [क्ष] चं: क्ष→२.५ असेल तर [२.५] = २ हे उत्तर बरोबर. म्हणून “हे फंक्शन कंटिन्युअस आहे का” एवढंच विचारू नका. “या बिंदूपाशी आहे का” हे विचारा.

तुकड्यातुकड्यांनी दिलेल्या फंक्शनचंही तसंच. जिथं सूत्र बदलतं तिथं दोन्ही बाजू वेगळ्या काढायच्या. इतर ठिकाणी, तुकड्याचं सूत्र वरच्या यादीतलं असेल तर, नेहमीसारखी किंमत टाकायची. |क्ष − ३|/(क्ष − ३) मध्ये ३ पाशी सूत्र बदलतं: डावीकडे −१, उजवीकडे १. लिमिट नाही. ५ पाशी मात्र सरळ १.

लिमिट आत ढकलताना

एकात एक घातलेल्या फंक्शनांत पोरं लिमिट बेधडक आत नेतात. क्ष→० साठी लॉग(साइन क्ष/क्ष): आतली लिमिट १ (हे प्रमाण सूत्र), लॉग १ = ०, उत्तर ०. बरोबर आहे. पण ते चालतं कशामुळे? लॉग हे १ पाशी कंटिन्युअस आहे म्हणून. नियम असा: आतल्या फंक्शनची लिमिट ल असेल आणि बाहेरचं फंक्शन ल पाशी कंटिन्युअस असेल, तर लिमिट आत नेता येते.

आता लॉगच्या जागी पूर्णांक फंक्शन ठेवा: क्ष→० साठी [साइन क्ष/क्ष]. आतली लिमिट १, [१] = १, म्हणून उत्तर १? नाही. शून्याजवळच्या, पण शून्य नसलेल्या प्रत्येक क्षसाठी साइन क्ष/क्ष ही किंमत १ पेक्षा किंचित कमी असते. क्ष = ०.०१ ला ती ०.९९९९८३ येते. तिचा पूर्णांक भाग ०. तसं सगळीकडे ०. उत्तर ०. अंश-छेद उलटे करून [क्ष/साइन क्ष] विचारलं तर आतली किंमत १ पेक्षा किंचित जास्त असते, म्हणून तिथं उत्तर १. स्पर्धा परीक्षांना ही जोडी फार आवडते. बाहेरचं फंक्शन १ पाशी तुटलेलं आहे, म्हणून आतली किंमत १ कडे कोणत्या बाजूनं येते हे बघावंच लागतं.

हाच नियम आपल्या बाजूनं कसा कामाला येतो तेही बघा. क्ष→० साठी (१ + क्ष) चा (१/क्ष)वा घात. शून्य टाकलं तर आधार १ होतो, आणि “१ चा कोणताही घात १” म्हणून १ लिहिणारे खूप. पण घातांकात १/० झालं आहे, म्हणजे किंमत टाकताच आलेली नाही. लॉग घ्या: लॉग(१ + क्ष)/क्ष, याची लिमिट १ हे प्रमाण सूत्र. मूळ फंक्शन म्हणजे ई चा हा एवढा घात. ई चा घात सगळीकडे कंटिन्युअस, म्हणून लिमिट घातांकात नेता येते. उत्तर ई, म्हणजे साधारण २.७१८.

जिथं काहीच उडत नाही

क्ष·साइन(१/क्ष), क्ष→०. किंमत टाकता येत नाही, अवयव नाहीत, परिमेयीकरण नाही. “शून्य गुणिले काहीही शून्य” असं लिहिणाऱ्याचं उत्तर बरोबर येतं, कारण मात्र अपुरं आहे. ते “काहीही” मर्यादेत असावं लागतं. साइन −१ आणि १ च्या बाहेर जात नाही, म्हणून सगळं फंक्शन −|क्ष| आणि |क्ष| यांच्या मध्ये अडकतं. |क्ष| हे ० पाशी कंटिन्युअस, तिथं किंमत टाकली की दोन्हीकडे ०. मधलंही ०. नुसत्या साइन(१/क्ष) ला मात्र ० पाशी लिमिट नाही. ते −१ ते १ मध्ये झुलत राहतं.

क्ष→अनंत असेल तर अनंत ही टाकायची संख्याच नाही. (३क्ष² + ५)/(२क्ष² − क्ष) मध्ये वर-खाली क्ष² ने भागा आणि १/क्ष ला ट म्हणा. मग ट उजवीकडून ० कडे जातो आणि फंक्शन होतं (३ + ५ट²)/(२ − ट). ते ० पाशी कंटिन्युअस आहे. ट = ० टाका, ३/२. क्षच्या मोठ्यात मोठ्या घाताने भागण्याची पद्धत हीच, फक्त आता ती का चालते ते दिसतं.

मोबाईलवर पडताळा घेताना

उत्तर बरोबर आहे का हे बघायला क्षची जवळची किंमत कॅल्क्युलेटरवर टाकून बघणं चांगली सवय आहे. पण साइन क्ष/क्ष ला १ ऐवजी ०.०१७४५ आलं, तर गणित चुकलेलं नाही. कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे. तो आकडा म्हणजे पाय/१८०. रेडियनवर घ्या. आणि एकाच बाजूची किंमत टाकून समाधान मानू नका. क्ष→२ असेल तर १.९९९ आणि २.००१ दोन्ही टाका. [क्ष] सारखी फंक्शनं तिथंच पकडली जातात.

सराव

खालची गणितं सोडवायच्या आधी प्रत्येकापुढं फक्त “टाकता येते” किंवा “टाकता येत नाही” एवढं लिहा, कारणासकट. मग सोडवा.

क्ष→२ : (क्ष³ − १)/(क्ष + १)
क्ष→२ : (क्ष³ − ८)/(क्ष² − ४)
क्ष→पाय/४ : टॅन क्ष
क्ष→१ : (√(क्ष + ३) − २)/(क्ष − १)
क्ष→−३ : |क्ष + ३|
क्ष→० : |क्ष|/क्ष
क्ष→० : [कोसाइन क्ष]

उत्तरं क्रमानं: ७/३, ३, १, १/४, ०, लिमिट नाही, ०. शेवटच्याला १ आलं असेल तर [साइन क्ष/क्ष] पुन्हा वाचा. पाचव्यात मॉड बघून दोन बाजू वेगळ्या काढल्या असतील तर उत्तर तेच येईल, पण |क्ष| यादीत आहे, तिथं नुसती किंमत टाकून भागतं.